कराओकेच्या मैफलीत जुनी जपानी गाणी : वाचकांचे प्रश्न

रविवारी संध्याकाळी कुणाच्या तरी गच्चीवर किंवा सोसायटीच्या सभागृहात जमून, ट्रॅक लावून गाणाऱ्या चाळिशी-पन्नाशीपुढच्या मंडळींचे गट सोलापुरात आता जवळपास प्रत्येक भागात आहेत. त्यांतल्या काहींनी हिंदी-मराठी गाण्यांच्या जोडीला जुनी जपानी गाणी घेण्याविषयी विचारणा केली आहे. आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न थोडे संक्षिप्त करून त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या गटातले बहुतेक सगळे रफी, किशोर, आशा यांच्या गाण्यांवर पोसलेले आहेत. एका सदस्याचा मुलगा नागोयाला नोकरीस असतो. त्याने सुटीत आल्यावर काही जुनी जपानी गाणी ऐकवली आणि ती सर्वांना आवडली. वर्धापनदिनाला त्यातली दोन-तीन गावीत असे ठरत आहे, पण भाषा कुणालाच येत नाही. सुरुवात कोणत्या गाण्याने करावी? — जुळे सोलापूर

उत्तर : पहिल्या वेळी दोन-तीन नकोत, एकच घ्यावे, आणि ते ‘उए ओ मुइते आरुकोऽ’ असावे. क्यू साकामोतो यांनी १९६१ मध्ये गायलेले हे गाणे रोकुसुके एइ यांनी लिहिले आणि हाचिदाई नाकामुरा यांनी त्याला चाल दिली. जून १९६३ मध्ये ते अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होते, तेही मूळ जपानी शब्दांसह. परदेशात ते ‘सुकियाकी’ या नावाने विकले गेले. सुकियाकी हा मांस-भाज्यांचा रस्सेदार पदार्थ असून गाण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तरी इंटरनेटवर ट्रॅक शोधताना हे नाव टाकले की काम लवकर होते.

हे गाणे नवख्यांनी घ्यावे असे म्हणण्यामागे कारणे आहेत. लय मध्यम आहे, श्वास घ्यायला जागोजागी उसंत मिळते आणि बहुतेक ठिकाणी एका स्वरावर एकच अक्षर येते. शेवटाकडे शब्द थांबून नुसती शीळ वाजते. शब्द पाठ करायचा कंटाळा असलेला, पण शीळ मात्र झकास घालणारा एखादा गृहस्थ प्रत्येक गटात असतोच. ती जागा निःसंकोच त्याच्याकडे सोपवावी. डोळ्यांतले पाणी ओघळू नये म्हणून मान वर करून रात्री एकटाच चालत निघालेला माणूस आणि त्याला आठवणारे मागचे ऋतू, असा गाण्याचा आशय आहे. शब्द दुःखाचे असले तरी चाल जवळजवळ खेळकर आहे आणि साकामोतो ती हसऱ्या चेहऱ्याने गात. आपल्याकडे दर्दभरे गीत म्हटले की आवाज ओला करण्याची सवय असते, तो मोह येथे आवरावा. साकामोतो अक्षरे तोडून, उचकी लागल्यासारखी म्हणतात, ती त्यांच्या रॉकाबिली, म्हणजे सुरुवातीच्या रॉक-अँड-रोल, वळणाची लकब आहे. तिची नक्कल करण्याचे कारण नाही. १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपान एअरलाइन्सच्या विमान अपघातात ५२० जण मृत्युमुखी पडले, त्यांत ४३ वर्षांचे साकामोतो होते. निवेदनात हे सांगायचे असेल तर गाणे संपल्यावर सांगावे. आधी सांगितल्यास श्रोते गाणे श्रद्धांजली म्हणून ऐकतात आणि त्यातला खेळकरपणा त्यांच्या कानांवर पडतच नाही.

दुसऱ्या खेपेला ‘कितागुनि नो हारु’ घ्यावे. हाकु इदे यांचे शब्द, मिनोरु एन्दो यांची चाल आणि मासाओ सेन यांचा आवाज असलेले हे गाणे १९७७ चे आहे, आणि माझ्या मते सोलापूरकरांना सर्वांत जवळचे वाटेल असे हेच आहे. उत्तरेकडच्या थंड प्रदेशातला एक माणूस मोठ्या शहरात राहतो. शहरात ऋतू बदललेला तुला कळणार नाही, या काळजीने गावाकडून आईने एक छोटेसे गाठोडे पाठवलेले असते, आणि ते हाती पडताच त्याला गावची वसंतातली झाडे, जिला मनातले कधी सांगितले नाही ती मुलगी, कमी बोलणारे वडील आणि तसाच भाऊ आठवू लागतात. ज्यांची मुले पुण्यात नोकरीला आहेत आणि हुतात्मा एक्स्प्रेसने जाणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हाती ज्यांनी शेंगाचटणीचा डबा आणि कडक भाकरीचा गठ्ठा दिलेला आहे, त्यांना या गाण्याचा अर्थ दोन वाक्यांत सांगितला तरी पुरतो. बर्फ वितळल्यानंतरच्या वसंताचे हे गाणे मे महिन्यातल्या आपल्या गच्चीवर म्हणताना थोडी गंमत वाटेल, ती वाटू द्यावी.

महिला सदस्यांसाठी मोमोए यामागुची यांचे १९७८ चे ‘ईऽ हि ताबिदाची’ सुचवावेसे वाटते. शिन्जी तानिमुरा यांनी लिहून स्वरबद्ध केलेले हे गाणे तेव्हाच्या जपानी राष्ट्रीय रेल्वेच्या प्रवास-प्रचार मोहिमेत वापरले गेले. यामागुची यांचा आवाज ठाय आणि खालच्या पट्टीतला होता, त्यामुळे वरचे स्वर आता पूर्वीसारखे लागत नाहीत अशी तक्रार असणाऱ्या भगिनींना हे गाणे सोयीचे पडते. या गायिकेने कीर्तीच्या शिखरावर असताना, १९८० मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी लग्नासाठी रंगमंच सोडला आणि पुढे कधी पुनरागमन केले नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. जपानी गाण्याचे शब्द इंग्रजी लिपीत मिळतात, पण त्यावरून म्हटले की उच्चार फसतात आणि शब्द तालात बसत नाहीत. देवनागरीत कसे लिहून घ्यावे? — विजापूर रस्ता

उत्तर : आपण देवनागरीकडे वळलात हे उत्तम केले, कारण उच्चारांच्या बाबतीत मराठी माणसाला जपानी गाणे अनपेक्षितपणे सोपे जाते. ‘चूक’ आणि ‘चिमणी’ या शब्दांतला च आपण वेगवेगळा उच्चारतो. जपानीतला ‘त्सु’ म्हणजे जवळजवळ आपल्या ‘चूक’मधला चु आणि ‘चि’ म्हणजे ‘चिमणी’तला चि. ‘जोर’ आणि ‘जीव’ यांतल्या ज-चा भेदही तिथे तसाच चालतो. इंग्रजीतून वाचणारे जिथे अडखळतात तिथे आपली जीभ आपोआप योग्य जागी जाते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आपल्या तेलुगू भाषक मित्रांनाही हा लाभ आहे, कारण च आणि ज यांची ही दोन रूपे तेलुगूतही आहेत.

अडचण येते ती मात्रांची. जपानीत प्रत्येक मात्रा सारख्या लांबीची धरतात आणि सुटा ‘न्’देखील पूर्ण मात्रा घेतो. आपण ‘शिंकान्सेन’ एका दमात म्हणतो. जपानी माणूस ते शि-न्-का-न्-से-न् असे सहा मात्रांत मोजतो. जोडाक्षरापूर्वीची अडणूकही मात्राच असते, म्हणून ‘निप्पोन’ हा चार मात्रांचा शब्द होतो : नि-प्-पो-न्. गाण्यात या सुट्या न्-ला बहुधा स्वतंत्र स्वर दिलेला असतो. तो गिळला की गाणारा ट्रॅकच्या पुढे पळतो आणि आपले नेमके कुठे चुकले ते त्याला कळत नाही.

लिहिताना जपानी ‘अ’ सगळीकडे काना देऊन लिहावा, म्हणजे ‘हारु’, ‘नागारे’ असे. नुसता अ लिहिला तर मराठी वाचक सवयीने तो शब्दाच्या शेवटी खाऊन टाकतो. मात्र काना दिसला म्हणून स्वर लांबवू नये. जो खरोखर दीर्घ आहे त्याच्यापुढे अवग्रह (ऽ) काढावा, जसे ‘आरुकोऽ’, ‘तोऽक्योऽ’. बोलताना जपानी माणसे ‘सु’, ‘कि’ अशा अक्षरांतला स्वर पुष्कळदा पुसट करतात, परंतु गाताना त्या अक्षराला स्वर दिलेला असेल तर ते पूर्ण उच्चारतात. त्यामुळे ऐकून लिहीत असाल तर संभाषणाऐवजी गाण्याचेच ध्वनिमुद्रण ऐकावे. एका स्वराला एक खंड पडेल अशा आडव्या रेघा शब्दांत द्याव्यात आणि मधल्या संगीताची आवर्तने कंसात लिहावीत. पडद्यावर येणारी अक्षरे जपानी लिपीतली असल्याने ती आपल्या उपयोगाची नसतात, आणि दुसऱ्या कडव्याची एन्ट्री हमखास चुकते ती तिथेच.

प्रश्न : मी गटात पेटी वाजवतो. यातल्या काही चाली थेट भूपासारख्या लागतात. हा योगायोग आहे की काय? साथ करताना कोणते पथ्य पाळावे? आणि ट्रॅकची पट्टी आमच्या गायकांना उंच पडते, ती किती उतरवावी? — साखर पेठ

उत्तर : आपल्या कानाने बरोबर ओळखले आहे. मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, पाश्चात्त्य संगीत शाळांमधून शिकवले जाऊ लागले, तेव्हा सात स्वरांतला चौथा आणि सातवा गाळून पाच स्वरांत चाली बांधण्याची पद्धत तिकडे रूढ झाली. मध्यम आणि निषाद गाळले की सा रे ग प ध उरतात, म्हणजे भूपाचेच स्वर. ‘कितागुनि नो हारु’ या साच्यातले आहे. याच पद्धतीचा कोमल अवतारही आहे : सा, रे, कोमल ग, प आणि कोमल ध. हे स्वर ऐकताना आपल्याला शिवरंजनीचा भास होतो, पण शिवरंजनीचा धैवत शुद्ध असतो आणि हा कोमल, त्यामुळे रंग अधिक काळोखा येतो. एन्का नावाच्या जुन्या वळणाच्या विरहगीतांवर या स्वरसमूहाची दाट छाया आहे.

साम्य स्वरांचे आहे, रागाचे नाही, हे मात्र पेटीवाल्याने विसरू नये. भूप म्हणून आपण षड्जावर ठाण मांडले आणि मधल्या जागा आलापांनी भरल्या, की खाली ट्रॅकमधले कॉर्ड बदलत असतात आणि आपले स्वर त्यांना खटकू लागतात. ट्रॅक असताना पेटीने गायकाला फक्त पहिला स्वर द्यावा आणि स्वस्थ बसावे. हा सल्ला हिंदी गाण्यांनाही लागू आहे, पण तिथे तो कुणी ऐकत नाही.

एन्कामध्ये स्वराला झटकन वळसा देण्याची एक लकब असते, तिला ‘कोबुशी’ म्हणतात. ज्यांच्या गळ्यात मुरकी आहे त्यांना ती लगेच सापडते आणि मग ते ती प्रत्येक अक्षराला लावतात. सायुरी इशिकावा यांचे १९७७ चे ‘त्सुगारु काइक्योऽ फुयुगेशिकी’ नीट ऐकले तर कळते की बराच वेळ त्या स्वर सरळ धरून ठेवतात आणि वळसा राखून वापरतात. तोक्योतल्या उएनो स्थानकाहून सुटलेल्या रात्रीच्या गाडीने आओमोरीला उतरून, उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाला जाणारी फेरीबोट धरणाऱ्या एकट्या स्त्रीचे हे गाणे आहे. १९८८ मध्ये सामुद्रधुनीखालून सेइकान बोगदा सुरू झाला, रेल्वेची ती फेरी बंद पडली, आणि आता तो प्रवास गाण्यातच उरला आहे. आपल्या गटात ठुमरी-लावणीचा गळा असलेली एखादी गायिका असेल तर तिने हे जरूर करावे, इतरांनी नुसते ऐकावे.

पट्टीबद्दल संकोच बाळगू नये. जपानमधल्या कोबे शहरातले वादक दाइसुके इनोउए हे बारमध्ये गाणाऱ्या हौशी गिऱ्हाइकांना साथ करीत. त्यांच्या साथीची सवय झालेल्या एका कंपनी-मालकाने आपल्या सहलीला चलण्याचा आग्रह केला. इनोउए यांना जाणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी त्या गृहस्थाला झेपेल अशी साथ टेपवर मुद्रित करून दिली. त्यातूनच १९७१ मध्ये नाणे टाकून चालणारे त्यांचे कराओके यंत्र तयार झाले. म्हणजे हे साधनच मुळी गायकाच्या गळ्याप्रमाणे साथ मिळावी म्हणून निघाले आहे. इनोउए यांनी त्याचे पेटंट घेतले नाही. मोबाइलवरच्या ॲपमध्ये ट्रॅक तीन-चार सेमीटोन (अर्धे स्वर) उतरवला तरी चालतो; त्याहून खाली नेल्यास वाद्यांचा नाद विचित्र, घोगरा होऊ लागतो, आणि मग दुसऱ्या पट्टीतला ट्रॅक शोधणे बरे.

प्रश्न : आमच्या गटातल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी हरकत घेतली आहे. ‘हे डॉ. कोटणीसांचे गाव आहे; येथे जपानी गाणी कशी गाता?’ असे ते म्हणाले. काही जण हसले, त्यामुळे ते दुखावले आहेत. आम्ही काय करावे? — भैय्या चौक

उत्तर : हसायला नको होते. द्वारकानाथ कोटणीस १९१० मध्ये सोलापुरात जन्मले, १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, जपानी सैन्याशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर त्यांनी आघाडीजवळ उपचार केले आणि १९४२ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. ज्या गावात त्यांचे स्मारक आहे त्या गावातल्या माणसाला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे.

त्या सदस्यांसमोर दोन गोष्टी आदराने मांडता येतील. आपण निवडलेली गाणी युद्धानंतर बऱ्याच वर्षांनी, युद्धाच्या राखेतून वर आलेल्या पिढीने लिहिलेली आहेत. ‘उए ओ मुइते आरुकोऽ’चे गीतकार एइ हे १९६० मध्ये अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध झालेल्या आंदोलनात होते आणि ते आंदोलन अपयशी ठरल्याची निराशा त्या शब्दांमागे आहे. दुसरे असे की ‘कितागुनि नो हारु’ खुद्द चीनमध्ये चिनी शब्दांत घरोघरी गायले गेले, आणि तैवानच्या तेरेसा तेंग यांनी त्याच चालीवर गायलेले चिनी गाणेही तितकेच लोकप्रिय झाले. ज्यांनी प्रत्यक्ष सोसले त्यांच्या देशाने ही चाल आपलीशी केली, हे ऐकून त्या सदस्यांचे मत बदलेलच असे नाही, पण निदान बोलणे सुरू होईल.

त्यांच्या हरकतीत एक उपयुक्त इशाराही आहे. जपानी कराओकेच्या जुन्या याद्यांत युद्धकाळातली लष्करी गीते आजही सापडतात, आणि नावावरून ती ओळखू येत नाहीत. ‘दोऽकि नो साकुरा’ हे नाव वाचून कुणालाही चेरीच्या फुलांचे निरागस गाणे वाटेल. प्रत्यक्षात ते सैनिकांनी सोबतीने मरण पत्करण्याचे गीत आहे. अर्थ तपासल्याशिवाय कोणताही ट्रॅक डाउनलोड करू नये, आणि ती तपासणी त्या ज्येष्ठ सदस्यांकडेच सोपवली तर आणखी चांगले.

प्रश्न : माझी मुलगी म्हणते, तुमची गाणी जुनाट आहेत, ‘सिटी पॉप’ गा. ती मिकी मात्सुबारा आणि मारिया ताकेउची ऐकत असते. आम्हांला जमेल का? — होटगी रस्ता

उत्तर : सिटी पॉप म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकांतले जपानी शहरी पॉप संगीत. मुलीला हळूच सांगावे की मात्सुबारा यांचे ‘मायोनाका नो दोआ’ १९७९ चे आहे आणि ताकेउची यांचे ‘प्लास्टिक लव्ह’ १९८४ चे, म्हणजे तिची ‘नवी’ गाणी आपल्याच तरुणपणातली आहेत, फक्त इंटरनेटमुळे जगाच्या कानावर आत्ता पडली. मात्सुबारा २००४ मध्ये वारल्या आणि त्यांचे गाणे जगभर गाजले ते २०२० मध्ये.

जमेल का, याचे उत्तर मात्र नकारार्थी द्यावे लागते. या गाण्यांत शब्द ठोक्यावर न पडता त्याच्या किंचित आधी उचलले जातात, खाली बेस गिटार सतत चालू असते आणि मध्येच इंग्रजी ओळी येतात. गाणाऱ्याला मजा येते, परंतु ज्या श्रोत्यांना भाषा कळत नाही त्यांना धरून ठेवायला मोकळी, लांब चाल त्यात नाही. मुलीलाच बोलवावे आणि तिच्याकडून गाऊन घ्यावे.

प्रश्न : आमच्या एका सदस्याच्या निवृत्तीनिमित्त निरोपाचे जपानी गाणे हवे आहे. — अक्कलकोट रस्ता

उत्तर : हिबारी मिसोरा यांचे ‘कावा नो नागारे नो योऽ नि’ मनात येते. आयुष्य नदीच्या प्रवाहासारखे वाहत जावे, असा त्याचा भाव आहे. यासुशी आकिमोतो यांनी लिहिलेले हे गाणे जानेवारी १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी २४ जूनला, वयाच्या ५२ व्या वर्षी, मिसोरा गेल्या. युद्धानंतरच्या जपानमध्ये बालपणापासून गाणाऱ्या या बाईंचा मान आपल्याकडे लताबाईंना जो होता त्या जातीचा. सुरुवात अगदी खालच्या स्वरात होते आणि ध्रुवपदाला आवाज एकदम वर उघडावा लागतो. निम्म्यावर दम सुटला तर निरोपाची शोभा जाते. म्हणून कडवी एकाने आणि ध्रुवपद सर्वांनी मिळून, असे वाटून घ्यावे.

‘होतारु नो हिकारी’ कुणी सुचवले तर मात्र नको म्हणावे. स्कॉटलंडच्या ‘ऑल्ड लँग साइन’ची ती चाल, ज्या चालीवर रवींद्रनाथांनीही एक बंगाली गीत बांधले आहे, जपानमध्ये शाळेच्या निरोप समारंभात वाजते हे खरे. पण तिचीच तीन मात्रांच्या ठेक्यातली आवृत्ती तिकडची दुकाने बंद होण्याच्या वेळी लावतात. समारंभाला जपानमध्ये राहून आलेला कुणी असेल तर त्याला गिऱ्हाइकांना बाहेर काढत आहेत असे वाटायचे.

प्रश्न : हा कार्यक्रम हुतात्मा स्मृती मंदिरात तिकीट लावून केला तर चालेल का? — सात रस्ता

उत्तर : हौशी मंडळाने विनामूल्य श्रोत्यांसमोर संगीतरचना सादर केली तर ते उल्लंघन होत नाही, अशी सवलत १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. तिकीट लावताच ती सवलत उरत नाही. गीत-संगीताचे हक्क आणि ट्रॅकच्या ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगवेगळे असतात, आणि भारत व जपान हे दोन्ही देश बर्न करारात, म्हणजे कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात, असल्याने जपानी रचनांनाही आपल्याकडे संरक्षण मिळते. त्यामुळे तिकीट लावायचेच असेल तर दोन्हींचे परवाने आधी मिळवावेत आणि मगच सभागृहाची अनामत भरावी. खर्चाचा मेळ बसत नसेल तर प्रवेश विनामूल्य ठेवून सभासदांनी आपसात वर्गणी काढावी.